फौज सीमेपार, संमती कुणाची?

सप्टेंबर 1790 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडच्या किल्ल्याला वेढा घातला. आत टिपू सुलतानाचा सरदार बद्रुज्जमान खान होता आणि तो लवकर हार मानणारा नव्हता. एप्रिल 1791 उजाडला तेव्हा कुठे किल्ला हाती आला. या वेढ्यात मराठ्यांच्या जोडीला इंग्रजांचीही एक तुकडी होती. कंपनी सरकारचे देशी शिपाई आणि तोफा घेऊन कॅप्टन लिटल मुंबई इलाख्यातून आला होता. हुबळीच्या कमरीपेठेपासून धारवाडचा किल्ला वीसेक किलोमीटरवर आहे. कन्नड आणि मराठी दोन्ही कानांवर पडणाऱ्या आमच्या या भागात टिपू आणि पटवर्धन ही नावं सगळ्यांना ठाऊक असतात. लिटलच्या तुकडीबद्दल मात्र एक प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ती इथवर कुणाच्या परवानगीने आली होती?

हा प्रश्न किरकोळ नाही, कारण तेव्हा त्याबद्दलचा कायदा होता. 1784 साली ब्रिटिश पार्लमेंटने पिट यांचा इंडिया अ‍ॅक्ट मंजूर केला होता. हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेला, प्रतिष्ठेला आणि धोरणाला धरून नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. लंडनहून स्पष्ट हुकूम आल्याशिवाय गव्हर्नर जनरलने कोणत्याही देशी सत्तेविरुद्ध युद्ध पुकारायचं नाही, युद्धासाठी तहही करायचा नाही. अपवाद एवढाच, की समोरच्याने आधीच हल्ला केला असेल किंवा हल्ल्याची तयारी चालवली असेल. तो हल्ला कंपनीवर असो, नाहीतर ज्याच्या रक्षणाची हमी कंपनीने तहाने दिली आहे त्या राज्यावर.

गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसने या कायद्याचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. जुलै 1789 मध्ये त्याने निजामाला एक पत्र लिहिलं. कंपनीने मदतीला दिलेल्या पलटणी निजामाने कंपनीच्या मित्रांविरुद्ध वापरू नयेत, असं सांगून मित्रांची यादी दिली. त्या यादीत टिपूचं नाव नव्हतं. नवा तह करायला कायद्याची बंदी होती, म्हणून हे नुसतं पत्र आणि ते तहाइतकंच बंधनकारक समजावं, असं निजामाला कळवण्यात आलं. पुढे डिसेंबर 1789 मध्ये टिपूने त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला. त्रावणकोरचा राजा कंपनीचा दोस्त, त्यामुळे अपवादाचं दार आपोआप उघडलं. जून 1790 मध्ये पुण्यात पेशव्यांशी तह झाला, जुलैत निजामाशी झाला आणि सप्टेंबरात धारवाडला वेढा पडला. ब्रिटिश पार्लमेंटमध्ये विरोधकांनी या युद्धावर आणि त्यामागच्या तहांवर टीका केली, तोवर तोफा धडधडू लागल्या होत्या. सभागृहाने अखेर सरकारचीच बाजू घेतली.

कायदा, त्यातली फट आणि लढाई सुरू झाल्यावर मिळणारी संमती, हा क्रम पुढच्या सव्वादोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा दिसतो.

याची सुरुवात मात्र 1784 च्या आधीची आहे आणि ती थेट मराठ्यांच्या घरातली आहे. 1773 च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मुंबई आणि मद्रास इलाख्यांना बजावलं होतं, की कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरल आणि कौन्सिलच्या संमतीशिवाय कुणी देशी सत्तांशी युद्ध किंवा तह करू नये. तातडीची गरज असेल किंवा लंडनचा खास हुकूम असेल तरच सूट. मुंबईच्या विल्यम हॉर्नबी या गव्हर्नरने कलकत्त्याला न विचारता साष्टी घेतली आणि 6 मार्च 1775 रोजी रघुनाथरावाशी सुरतेचा तह केला. कलकत्त्याने तो तह अमान्य केला, लढाई थांबवायचा हुकूम पाठवला आणि कर्नल अप्टनला थेट पुण्याच्या कारभाऱ्यांकडे धाडलं. 1 मार्च 1776 रोजी पुरंदरचा तह झाला. तिकडे लंडनच्या डायरेक्टरांना सुरतेचा तह पसंत पडला. एकाच कंपनीची तीन तोंडं तीन गोष्टी बोलत होती, तेव्हा नाना फडणीस आणि सखारामबापूंनी कुणाच्या सहीवर विसंबायचं?

मुंबईकर इंग्रजांनी 1778 च्या अखेरीस पुन्हा पुण्याकडे कूच केलं. तळेगावपर्यंत आल्यावर ते कोंडीत सापडले आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला शरण आले. तह करायची वेळ आली तेव्हा त्यांनी सांगितलं, की कलकत्त्याच्या मंजुरीशिवाय तह करायचा अधिकार आम्हांला नाही. मग अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार तुम्हांला कुणी दिला होता, असं महादजी शिंद्यांनी उलट विचारल्याचं इतिहासकार नोंदवतात. युद्धाला आवर घालणाऱ्या कायद्यांच्या इतिहासात इतका नेमका प्रश्न मला दुसरा सापडलेला नाही. चढाई करताना ज्या कायद्याची आठवण झाली नाही, तोच हरल्यावर ढालीसारखा पुढे केला जात होता. वॉरन हेस्टिंग्जने वडगावचा करार धुडकावला आणि लढाई 1782 च्या सालबाईच्या तहापर्यंत रेटली.

ब्रिटिश पार्लमेंटला इथल्या माणसांचा कळवळा होता म्हणून हे कायदे झाले, असं कुणी समजू नये. कंपनी कर्जात बुडत होती, हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेले साहेब लंडनच्या राजकारणात घुसत होते आणि दूरच्या लढाईचं बिल अखेर आपल्या दारी येईल ही धास्ती होती. कारण काहीही असो, फौज चालवणाऱ्याने आधी कुणालातरी विचारावं, ही अट मात्र पहिल्यांदा कागदावर आली. ती किती तकलादू होती हे लॉर्ड वेलस्लीने दाखवून दिलं. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहानंतर आठ महिन्यांत दुसरं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं होतं. लंडनचं पत्र यायला तेव्हा चार ते सहा महिने लागत. 1805 मध्ये वेलस्लीला परत जावं लागलं, पण असई, लासवारी आणि अडगावच्या लढाया तोवर होऊन गेल्या होत्या.

1857 च्या उठावानंतर कंपनी गेली आणि 1858 चा कायदा आला. त्याचं 55 वं कलम आज फारसं कुणाला आठवत नाही, पण माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत मोलाचा मजकूर तोच आहे. प्रत्यक्ष आक्रमण परतवणं किंवा अचानक उद्भवलेली निकडीची गरज एवढं सोडून, हिंदुस्थानच्या बाह्य सरहद्दीपलीकडच्या लष्करी मोहिमेसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीशिवाय वापरता येणार नाही, असं ते कलम सांगत होतं. त्याच्या आधीच्या 54 व्या कलमात, लढाई सुरू करण्याचा हुकूम हिंदुस्थानात गेला तर पार्लमेंट चालू असताना तीन महिन्यांच्या आत ते सभागृहाला कळवावं, असं होतं. म्हणजे एका कलमाने माहिती देणं सक्तीचं केलं आणि दुसऱ्याने तिजोरीला कुलूप लावलं. सेनापतीला पार्लमेंट थेट अडवू शकत नव्हतं, पण पलटणींचा पगार, बैल, जहाजं आणि दाणागोटा यांचा खर्च अडवू शकत होतं.

हे कुलूप खरंच वापरलं गेलं. 1867 मध्ये अ‍ॅबिसिनियाच्या राजाने ब्रिटिश कैदी सोडले नाहीत म्हणून मुंबईच्या लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर याच्या हाताखाली फौज निघाली, तेव्हा त्या साली नोव्हेंबरात पार्लमेंट बोलावून ठराव घ्यावा लागला. ठराव काय झाला? शिपायांचा नेहमीचा पगार हिंदुस्थानने द्यावा. कुठे अ‍ॅबिसिनिया आणि कुठे रत्नागिरी-साताऱ्याचा शेतसारा भरणारा शेतकरी! पण विचारल्याशिवाय तो खर्च त्याच्या माथी मारता आला नाही, हेही खरं. 1878 मध्ये डिझरायली यांनी हिंदुस्थानी पलटणी माल्टाला पाठवल्या. ईस्टरच्या सुटीसाठी सभागृह उठलं आणि लगेच ही बातमी बाहेर आली. विरोधकांचा संताप झाला, मे महिन्यात मोठी चर्चा झाली आणि सरकार बहुमताच्या जोरावर तरून गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात अफगाण युद्ध सुरू झालं आणि 55 व्या कलमाखालची संमती डिसेंबरात घेतली गेली.

संमती देणारे लंडनमध्ये आणि खर्च भरणारे इथे, हे या व्यवस्थेचं मूळ दुखणं होतं. ते ज्यांनी आकड्यांत मांडलं त्यांत मराठी नाव आघाडीवर आहे. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करण्यासाठी 1895 मध्ये वेल्बी आयोग नेमला गेला. त्यावर दादाभाई नौरोजी सदस्य होते. 1897 मध्ये गोपाळ कृष्ण गोखले लंडनला जाऊन या आयोगापुढे साक्षीला बसले. वय अवघं तीस-एकतीस. सरहद्दीपलीकडच्या मोहिमा साम्राज्याच्या हितासाठी असतील तर त्यांचा भार गरीब रयतेवर का, हा मुद्दा त्या काळी काँग्रेसच्या ठरावांतही सतत येत होता. गोखल्यांच्या त्या साक्षीइतकी शिस्तशीर तयारी आजच्या संरक्षण खर्चाच्या चर्चेत फार क्वचित दिसते, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची किंमत माणसांनी मोजली. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला मेसोपोटेमियात पाठवण्यात आलं. डिसेंबर 1915 पासून एप्रिल 1916 पर्यंत कुत अल अमारा इथे ती वेढ्यात अडकली आणि अखेर तुर्कांच्या कैदेत गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. कोकण आणि देशावरच्या या शिपायांना टायग्रिसच्या काठी पाठवायचं की नाही, यावर त्यांच्या गावातून निवडून गेलेल्या एकाही माणसाला मत देता आलं नव्हतं. याच पलटणींच्या वारशातून घडलेल्या मराठा रेजिमेंटचं केंद्र 1922 पासून बेळगावात आहे. हुबळीहून ते शंभरेक किलोमीटरवर.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मात्र इथल्या कायदेमंडळाने आवाज उठवला. विधिमंडळाच्या संमतीशिवाय हिंदी फौज परदेशी पाठवू नये, असं दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीने जाहीर केलं होतं. तरीही 1939 मध्ये इजिप्त, एडन आणि सिंगापूरला पलटणी रवाना झाल्या. ऑगस्ट 1939 मध्ये वर्ध्याला भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने याचा निषेध केला आणि आपल्या सदस्यांना असेंब्लीच्या पुढच्या अधिवेशनाला जाऊ नका असं सांगितलं. तीनेक आठवड्यांतच, 3 सप्टेंबरला, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं परस्पर जाहीर केलं. त्यावरून काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं बाहेर पडली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं सरकार होतं. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतात, त्यामुळे हुबळीकरांचं सरकारही तेच. एक लोकनियुक्त सरकार केवळ या कारणासाठी गेलं, की युद्धाबाबत लोकप्रतिनिधींना विचारलं नाही. आपल्या शालेय पुस्तकांत ही घटना येते, पण तिच्यामागचं हे तत्त्व त्यातून निसटतं.

एवढं सगळं सोसल्यावर स्वतंत्र भारताने याबाबत काय केलं? राज्यघटनेचं कलम 53(2) म्हणतं, की संरक्षणदलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे असेल आणि त्याचा वापर कायद्याने विनियमित केला जाईल. सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीत पंधरावी नोंद ‘युद्ध आणि शांतता’ अशी आहे, म्हणजे या विषयावर कायदा करायचा अधिकार संसदेकडे आहे. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तेव्हा व्यवहारात निर्णय पंतप्रधान आणि सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचा. आणीबाणीची उद्घोषणा दोन्ही सभागृहांनी महिन्याभरात मंजूर करावी लागते, तसं बंधन फौज परदेशी पाठवण्यावर मात्र नाही. 1950 चा लष्कर कायदा शिस्त, गुन्हे आणि कोर्टमार्शल यांबद्दल आहे. परदेशी फौज पाठवण्यापूर्वी किंवा पाठवल्यावर संसदेला केव्हा सांगायचं, संमती घ्यायची की नाही, हे ठरवणारा कायदा संसदेने केलेला नाही. परक्या राजवटीच्या कायद्यात निदान 54 वं आणि 55 वं कलम तरी होतं.

म्हणून आपल्याकडे जे झालं ते प्रत्येक वेळी वेगळं झालं. डिसेंबर 1961 मध्ये बेळगावात सतराव्या डिव्हिजनची जमवाजमव झाली आणि मेजर जनरल कॅन्डेथ यांच्या नेतृत्वाखाली फौज गोव्यात शिरली. दोन दिवसांत साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. गोवा हा भारताचाच भाग, त्यामुळे ही परदेशातली मोहीम नव्हे, ही सरकारची भूमिका होती आणि ती मला पटते. संसदेची मोहोर मात्र मार्च 1962 मध्ये बाराव्या घटनादुरुस्तीने उमटली, 20 डिसेंबर 1961 पासून मागील प्रभावाने. 1962 मध्ये चीनचं आक्रमण चालू असतानाच वाजपेयींनी अधिवेशन बोलावण्याची मागणी केली. नेहरूंनी ती मानली आणि 8 नोव्हेंबरला सभागृह भरलं. लोकसभेत दीडशेहून अधिक सदस्य बोलले, त्यांत सरकारवर कडक टीका करणारेही होते. 1971 मध्ये युद्धाच्या आठ महिने आधी, 31 मार्चला, पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव संसदेने एकमताने केला होता. 3 डिसेंबरला युद्ध भडकलं तेव्हा अधिवेशन चालू होतं आणि ढाक्याच्या शरणागतीची बातमी देशाने लोकसभेतूनच ऐकली.

श्रीलंकेचं प्रकरण याच्या उलट. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि दुसऱ्याच दिवसापासून शांतिसेना जाफन्यात उतरू लागली. ऑक्टोबरात तिचं युद्ध तमिळ वाघांशीच जुंपलं. शांतता राखायला गेलेली फौज लढाई करू लागली, कामाचं स्वरूपच पालटलं, तरीही कोणत्याही टप्प्यावर संसदेचं मतदान आवश्यक ठरलं नाही. महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. ठरावीक मुदतीनंतर सरकारला सभागृहासमोर येऊन मोहीम चालू ठेवायची कारणं सांगावी लागली असती, तर इतका काळ गेला असता का? मला तसं वाटत नाही.

संसद ठाम राहिली तर काय होतं, हे 2003 मध्ये दिसलं. अमेरिकेने इराकवर हल्ला केला तेव्हा लोकसभेने 8 एप्रिलला एकमताने त्याचा निषेध करणारा ठराव संमत केला. अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. त्यानंतर अमेरिकेला इराकमध्ये भारताची सुमारे डिव्हिजनभर फौज हवी होती आणि सरकारमध्ये त्यावर गंभीर विचार चालू होता. 14 जुलैला वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज न पाठवण्याचा निर्णय घेतला. निर्णयामागे इतरही कारणं असणार, पण एकमुखी ठराव समोर असताना उलट वाट धरणं कोणत्याही सरकारला जड गेलं असतं.

आणि संसद हजरच नसेल तर? 1999 मध्ये कारगिलची लढाई झाली तेव्हा लोकसभा विसर्जित झाली होती, सरकार काळजीवाहू होतं. राज्यसभेचं खास अधिवेशन घ्या, ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. मे 2025 मधल्या ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सर्वपक्षीय बैठका झाल्या, संसदेतली चर्चा जुलैच्या शेवटी झाली. सर्वपक्षीय बैठक चांगलीच, पण तिची कार्यवाही छापली जात नाही आणि तिथे मतदान होत नाही. कमरीपेठेतल्या मतदाराला आपला खासदार काय बोलला हे तिच्यातून कळत नाही.

इतर लोकशाह्यांनी यावर वेगवेगळे तोडगे काढले आहेत. व्हिएतनामच्या अनुभवानंतर अमेरिकी काँग्रेसने 7 नोव्हेंबर 1973 रोजी निक्सन यांचा नकाराधिकार डावलून युद्धाधिकाराचा ठराव मंजूर केला: 48 तासांत कळवा आणि मंजुरी नसेल तर 60 दिवसांत आवरतं घ्या, माघारीसाठी आणखी 30 दिवस. तिथल्या अध्यक्षांनी तो पुन्हा पुन्हा वळसा घालून टाळला, म्हणून नुसत्या मुदतीवर माझी भिस्त नाही. ब्रिटनमध्ये लेखी कायदा नाही, तरी ऑगस्ट 2013 मध्ये सीरियावरचा प्रस्ताव 285 विरुद्ध 272 मतांनी पडला आणि पंतप्रधान कॅमेरून यांनी तो कौल मानला. फ्रान्सने 2008 मध्ये घटनेत लिहिलं, की तीन दिवसांत संसदेला कळवायचं आणि मोहीम चार महिन्यांपुढे न्यायची तर मंजुरी घ्यायची. सर्वांत कडक जर्मनी. 1994 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने फौज परदेशी लढायला पाठवण्यासाठी संसदेची संमती आवश्यक ठरवली आणि 2005 मध्ये तसा कायदा झाला.

गुप्ततेचा आक्षेप इथे येतोच आणि तो खोटा नाही. हल्ला कधी आणि कुठे करायचा हे 543 जणांच्या सभागृहात आधी सांगता येणार नाही. पण जर्मन कायद्यातही तातडीच्या प्रसंगी आधी कृती आणि मागाहून संमती चालते. नकार मिळाला तर फौज परत बोलवावी लागते. हल्ला परतवणं आणि चटकन केलेली मर्यादित कारवाई यांना सूट द्यावी. परक्या भूमीवर मुक्काम करणाऱ्या फौजेसाठी मात्र लेखी निवेदन, ठरावीक मुदतीत मतदान आणि 1858 च्या कलमासारखी खर्चाची स्वतंत्र मागणी, एवढं तरी कायद्याने बांधलेलं असावं. तीनांतही माझा भर खर्चावर आहे. मुदतीच्या अर्थावरून वकील वर्षानुवर्षं वाद घालू शकतात, पण घटनेच्या 114 व्या कलमानुसार विनियोजनाच्या कायद्याशिवाय संचित निधीतून पैसा निघत नाही.

यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कलम 53(2) नेच जागा ठेवली आहे आणि साध्या बहुमताचं विधेयक पुरेसं आहे. सरकारने ते आणलं नाही तर कोणताही खासदार शुक्रवारी खासगी विधेयक म्हणून मांडू शकतो. अशी विधेयकं वाया जातात असं म्हणणाऱ्यांनी बॅरिस्टर नाथ पै यांचं उदाहरण पाहावं. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालानंतर, 1967 मध्ये, घटना दुरुस्त करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळवण्यासाठी राजापूरच्या या खासदाराने खासगी विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. 18 जानेवारी 1971 रोजी नाथ पै बेळगावात वारले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तोच अधिकार चोविसाव्या दुरुस्तीने घटनेत लिहिला गेला. ती दुरुस्ती सरकारने मांडली होती.